सातबारा कोरा झाला, सिबिलचं काय?

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी, औसा, निलंगा या पट्ट्यात मृगाच्या आधी पीककर्जाच्या फाइली तयार होतात. सातबारा, आठ-अ, फेरफार, आधार, पॅन, गावातल्या सोसायटीची बेबाकी, आजूबाजूच्या बँकांचे नो-ड्यूज. एके काळी एवढे कागद नीट लावले, तलाठ्याचा सही-शिक्का पडला की काम मार्गी लागायचं. आता काउंटरवरचा माणूस आधी पॅन नंबर मागतो, संगणकात टाकतो आणि सातबारा न उलगडताच म्हणतो, ‘‘तुमचं सिबिल खराब आहे.’’ पुढचं बोलणं तिथेच थांबतं. खराब म्हणजे नेमकं काय, कोणत्या कर्जामुळे, कधीपासून, आणि सुधारायचं कसं, हे ना तो सांगतो, ना समोरचा विचारतो. या न विचारलेल्या प्रश्नांपायी मराठवाड्यात दर खरिपाला किती घरं सावकाराच्या महिना शेकडा तीनच्या व्याजात जातात, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

सिबिल हे मुळात एका कंपनीचं नाव. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही २००० साली स्थापन झाली. २००५ साली पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा आला आणि रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने आज चार कंपन्या हे काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, फायनान्स कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले आपापल्या कर्जदारांची माहिती या चौघींना पाठवतात. पूर्वी ती महिन्याला जायची. १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला पाठवण्याचं बंधन आलं. या माहितीवरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा काढला जातो. साधारण साडेसातशेच्या वर असेल तर बँका खूश असतात. ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याच्या नावापुढे आकडा नसतो. हप्ते वेळेवर गेले का, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम उचलून ठेवली आहे, कर्जाचा इतिहास किती जुना आहे, अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, यांचं हे मिश्रण आहे. त्यात सगळ्यांत वजनदार गोष्ट पहिली.

आकड्यापेक्षा त्यामागचा अहवाल महत्त्वाचा, आणि तो एकदा तरी कागदावर काढून शांतपणे वाचायला हवा. वर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाइल नंबर. खाली एकेका कर्जाची चौकट: किसान क्रेडिट कार्ड, सोनेतारण, दुचाकी, ट्रॅक्टर. प्रत्येक चौकटीत मंजूर रक्कम, आजची बाकी, थकीत रक्कम आणि तळाशी महिन्यांची पट्टी. गेल्या छत्तीस महिन्यांचा एकेक खण. खणात तीन शून्यं असली तर त्या महिन्यात काही थकलं नव्हतं. ०३० असेल तर तीस दिवस उशीर, ०९० असेल तर नव्वद. तीन फुल्या असतील तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. शिवाय ‘तुमचं नातं काय’ असा एक रकाना असतो: स्वतः कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला दिलेला जामीन लोक विसरून जातात. अहवालात तो असतो, आणि मेहुण्याचे हप्ते तटले की त्याची झळ जामीनदारापर्यंत येते.

आता या पट्टीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहू. ती महिन्याच्या हिशेबाने आखलेली आहे. पगारदाराच्या खात्यात एक तारखेला पैसे येतात, पाच तारखेला हप्ता जातो, खणात शून्यं पडतात. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तूर मध्ये कुठेतरी. लातूरच्या आडतीवर माल घालून हातात विक्रीची पट्टी येते ती वर्षातून दोनदा. रिझर्व्ह बँकेला हे ठाऊक आहे. म्हणून इतर कर्ज नव्वद दिवस थकलं की अनुत्पादक (एनपीए) ठरतं, पण कमी मुदतीच्या पिकांसाठीचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच एनपीए धरावं असा नियम आहे. अडचण अशी की एनपीएची व्याख्या हंगामाची असली तरी अहवालातली पट्टी दिवस मोजते. बँकेच्या पुस्तकात खातं अजून ‘स्टँडर्ड’ असतं, आणि त्याच वेळी पट्टीवर ६०, ९०, १८० असे आकडे चढत जाऊ शकतात. ते आकडे पुण्यातल्या नाहीतर मुंबईतल्या एखाद्या फायनान्स कंपनीला दिसतात. गारपीट, भावपडझड, अतिवृष्टी यांतलं काहीच तिला दिसत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बराच काळ त्याहून कितीतरी कमी भाव चालला. हमीभाव आणि प्रत्यक्ष भाव यांतली तफावत ज्याच्या कर्जफेडीत उतरली, त्याच्या अहवालात तिचं कारण कुठेच लिहिलेलं नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. अहवालात जे दिसत नाही ते कमी नाही. गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीतून घेतलेलं आणि वर्षानुवर्षं गटसचिवाकडे वेळेत भरलेलं पीककर्ज अनेकदा या अहवालात येतच नाही, कारण सोसायटी स्वतः या कंपन्यांची सभासद नसते. म्हणजे तीस वर्षं एकही थकबाकी न ठेवलेला माणूस राष्ट्रीयीकृत बँकेच्या संगणकावर कोरा ठरतो. कृषी सेवा केंद्राची उधारी, आडत्याकडची उचल, भिशी, हातउसने, सावकारी यांपैकी काहीही तिथे नसतं. ही उधारी वेळेत फेडणाऱ्याला तिचं श्रेय मिळत नाही, आणि तिच्या ओझ्याखाली वाकलेल्याचं ओझंही बँकेला कळत नाही. १९५०च्या दशकात गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने दाखवलं होतं की खेड्यातल्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. ते प्रमाण आता राहिलेलं नाही, मात्र ग्रामीण पतपुरवठ्याचा मोठा भाग सरकारी नजरेआड राहतो ही स्थिती पुरती गेलेली नाही.

या साऱ्या प्रश्नाचं मर्म ज्या एका व्यवहारात सापडतं तो म्हणजे नवं-जुनं. मराठवाड्यात हा शब्द सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: पीककर्ज मुदतीत पूर्ण भरलं तर केंद्राच्या सवलतीने सात टक्क्यांचं व्याज चार टक्क्यांवर येतं आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंत ते शून्य होतं. अट एकच, मुदतीच्या आत सगळं मुद्दल भरायचं. भरलं की दोन-चार दिवसांत नवं कर्ज मंजूर होतं. मार्चअखेरीस हाती एवढे पैसे कुठून असणार? मग दीड लाखाचं जुनं कर्ज भरायला कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी दीड लाख उचलायचे, बँकेत भरायचे, नवं मंजूर झालं की त्याला परत करायचे, वर त्याची दलाली द्यायची. कागदावर शेतकरी नियमित, बँकेची वसुली शंभर टक्के, व्याज शून्य. प्रत्यक्षात नव्या हंगामाच्या बियाण्या-खतासाठी हाती उरतं फारच थोडं, कारण नव्या कर्जाचा बहुतेक पैसा जुनं बुजवण्यात गेलेला असतो. खताला पैसे नाहीत म्हणून पुन्हा दुकानाची उधारी.

नवं-जुनं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्याचं नवं-जुनं सुरू आहे त्याचा अहवाल तरी स्वच्छ राहतो, आणि एक वर्ष ते चुकलं तर सवलतही जाते आणि पट्टीवर दिवसही चढू लागतात. पण त्या आठ दिवसांचा पैसा कुठून आणायचा याचा विचार मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात करून चालत नाही. सोयाबीनची पट्टी हातात आली की तिच्यातला चौथा हिस्सा तरी त्याच बँकेत मुदत ठेवीत किंवा कर्जखात्यातच भरून ठेवणारी घरं या भागात आहेत. किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यात मधेच पैसे भरता येतात, पुन्हा काढताही येतात, आणि जितके दिवस पैसे आत तितक्या दिवसांचं व्याज कमी. कार्डाचा मूळ हेतू हाच होता. गेली पंचवीसहून अधिक वर्षं आपण त्याचा वापर वर्षातून एकदा उचल आणि एकदा भरणा एवढाच करत आलो.

कर्जमाफीचा हिशेब आता काढावा लागेल. २००८ ची केंद्राची माफी दोन हेक्टरच्या अटीवर होती. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावर असेल तर पंचाहत्तर टक्के भरा आणि पंचवीस टक्क्यांची सूट घ्या. पाणी नसलेली अडीच-तीन हेक्टर कोरडवाहू जमीन बाळगणारा औशाचा शेतकरी त्या हिशेबात मोठा ठरला. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, मर्यादा दीड लाख. २०१९ च्या अखेरीस महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतची. तिची थकबाकी मोजण्याची तारीख होती ३० सप्टेंबर २०१९. किल्लारीला ३० सप्टेंबरची आठवण वेगळ्याच कारणाने असते: १९९३ चा भूकंप त्याच दिवशीचा. नियमित फेडणाऱ्यांना २०१७ मध्ये पंचवीस हजारांपर्यंत आणि नंतरच्या योजनेत पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं.

या योजनांवर महाराष्ट्रात रान उठलं ते रकमेवर, निकषांवर, यादीत नाव आलं की नाही यावर. माफीनंतर पतकंपन्यांच्या नोंदीत काय लिहिलं गेलं, हा प्रश्न क्वचितच कुणी लावून धरला. खातं तीन प्रकारे मिटतं आणि तिन्हींचा अर्थ वेगळा होतो. पूर्ण रक्कम आली म्हणून ‘क्लोज्ड’ लिहिलं तर पुढची वाट मोकळी. तडजोडीने कमी रकमेत मिटलं म्हणून ‘सेटल्ड’ लिहिलं, तर पुढची बँक ते वाचते की याने पूर्ण पैसे दिले नाहीत. बँकेने ‘रिटन-ऑफ’ लिहिलं, तर त्याहून वाईट. एकरकमी तडजोडीत (ओटीएस), लोकअदालतीत किंवा माफीच्या यादीत बसून ज्याचं खातं मिटलं, त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, फेरफार झाला, पेढे वाटले गेले. पतकंपन्यांकडच्या नोंदी मात्र किमान सात वर्षं जपल्या जातात. त्यातल्या एखाद्या खात्याला ‘सेटल्ड’चा शिक्का बसलेला असेल तर त्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा दुकानासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा बापाला सहकर्जदार करताना तो शिक्का वर येतो. माफी सरकारने दिलेली असते, पैसे सरकारने भरलेले असतात. तरीही अडते कर्जदाराची पत. हा अन्याय आहे आणि तो एका ओळीच्या आदेशाने टाळता येण्याजोगा आहे.

माफीची वाट पाहण्यात दुसरंही एक नुकसान होतं. रिझर्व्ह बँकेचे नैसर्गिक आपत्तीबाबतचे निर्देश आहेत. २०१८ च्या निर्देशांनुसार पिकाचं ३३ टक्के वा अधिक नुकसान झालेल्या घोषित आपत्तीत बँकेने कर्जाचं पुनर्गठन करायचं असतं: नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत, त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत, आणि त्यात पहिलं वर्ष हप्त्याविना. असं पुनर्गठित खातं थकीत धरलं जात नाही. पतकंपन्यांच्या नोंदीतही ‘नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित’ असा स्वतंत्र शेरा आहे, म्हणजे कारण नोंदवायची सोय एवढ्या एकाच जागी आहे. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली की शासन निर्णयात ‘कर्जाचे पुनर्गठन’ आणि ‘वसुलीस स्थगिती’ असे दोन शब्दप्रयोग शेजारीशेजारी येतात आणि लोक ते एकच समजतात. स्थगितीने तगादा थांबतो, पण बँकेने खात्याची मुदत बदलली नाही तर व्याजही चालू राहतं आणि दिवसही. पुनर्गठनासाठी शाखेत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याची उभी पिकं पाण्यात गेली, सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. चावडीवर चर्चा झाली ती हेक्टरी मदतीची. पुनर्गठनाचा अर्ज मात्र गावोगाव मागे राहिला, कारण ‘माफी येणारच आहे, आता कशाला कागद करा’ ही भावना.

बाईच्या नावावरचं कर्ज हा या आढाव्यातला वेगळा भाग. गटात बसून आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता भरणाऱ्या बायकांची नोंद पतकंपन्यांकडे नवऱ्यापेक्षा नियमित पोचते, कारण मायक्रोफायनान्स कंपन्या ती पाठवतात. मार्च २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं हे विनातारण कर्ज. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. प्रत्यक्षात एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढल्याची उदाहरणं गल्लोगल्ली आहेत, आणि पैसा कुठे गेला हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, लेकीचं लग्न किंवा दवाखाना. तिच्या नावावरचं कर्ज कुणी वापरलं याला अहवालात जागा नाही. नाव तिचं, थकलं तर थकबाकीदार ती. त्या घरातल्या पुरुषांनी हे समजून घेतलं पाहिजे असं मला फार वाटतं.

तरुणांचं गणित आणखी वेगळं. दुचाकी, मोबाइल, मग ॲपवरचं पाच-दहा हजारांचं कर्ज. दोन-चार हप्ते चुकले की तो आकडा साडेसहाशेच्या खाली येतो आणि अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परतावा योजनेत पात्रता प्रमाणपत्र हाती असूनही बँक नाही म्हणते. व्याज महामंडळ परत करणार असलं तरी कर्ज बँकच देते, हे त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने शिकवणीसाठी खर्च करणाऱ्या घरांनीही हे ध्यानात ठेवावं. बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराचा पतइतिहास पाहिला जातो, आणि खराब पतइतिहासामुळे स्टेट बँकेने रद्द केलेली नेमणूक २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने योग्य ठरवली आहे. ॲपच्या कर्जात पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, एकूण खर्चाचा तक्ता आधी मिळाला पाहिजे, आणि वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर येता कामा नयेत, हे नियम आहेत.

मग सिबिल बघणंच बंद करावं का? मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असं बजावलं, गुन्हे दाखल करण्याचा इशाराही दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने संसदेत सांगितलं की रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान आकडा ठरवलेला नाही आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला इतिहास नाही एवढ्या कारणावरून नाकारू नये. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणही मागायचं नाही. हे सगळं स्वागतार्ह आहे. तरी माझा अनुभव सांगतो की इशाऱ्याने शाखेतला माणूस ‘सिबिल’ हा शब्द टाळतो आणि ‘उद्दिष्ट संपलं’, ‘तुमचं गाव आमच्याकडे दत्तक नाही’, ‘पुढच्या आठवड्यात या’ असं म्हणतो. तारण नाही आणि इतिहासही पाहायचा नाही असं म्हटलं, तर बुडालेल्या कर्जाची विचारणा उद्या त्यालाच होणार असते. त्याला धाक घालण्यापेक्षा नकाराचं कारण लेखी मागणं जास्त उपयोगी. कुठल्या कंपनीचा अहवाल, कोणतं खातं, कोणता शेरा. कारण कळलं की त्यावर काही करता येतं.

आणि करता येण्यासारखं बरंच आहे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने आकडा घसरत नाही. चुका सापडतात. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिलेली एक आख्खी पिढी आहे. गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे, त्याच जन्मतारखेचे दोन-तीन जण सहज निघतात, पत्ता सगळ्यांचा ‘मु. पो. किल्लारी, ता. औसा’. दुसऱ्याचं कर्ज आपल्या अहवालात शिरायला एवढं पुरेसं आहे, म्हणून जुन्या खात्याला पॅन जोडलेला आहे ना हे शाखेत विचारून घ्यावं. चूक असेल तर पतकंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते, १४४४८ या क्रमांकावर माहिती मराठीतही मिळते. पैसे घेऊन ‘सिबिल क्लिअर’ करून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती बसस्टँडच्या भिंतींवर असतात. खरी थकबाकी नोंदीतून पुसण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणालाही नाही.

ज्याला बँकेचं दार बंदच आहे, त्याच्यासाठी कायद्याची एक गोष्ट. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला नऊ आणि विनातारण बारा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही असा दर तेव्हा ठरला. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. बेकायदा सावकाराने लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी नागपुरातल्या शेतकरी आंदोलनानंतर सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ असं जाहीर केलं आणि त्यासाठी प्रवीणसिंह परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ च्या भूकंपात लातूरचे जिल्हाधिकारी तेच होते. बावन्न गावं नव्या जागी वसवताना जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं ठरली, आणि त्यातल्या अनेक घरांच्या कबाल्यांचा, वारसनोंदींचा घोळ पुढे कित्येक वर्षं निस्तरत राहिला. घर मिळालं होतं, त्याचा कागद मागे राहिला होता. कबाला नावावर नसलेल्या घराच्या दुरुस्तीला गृहकर्ज मिळत नाही आणि माणूस सोनेतारणाकडे वळतो, हे किल्लारीत राहणाऱ्याला माहीत आहे. म्हणून यापुढे जो कर्जमाफीचा शासन निर्णय निघेल त्यात एक कलम स्पष्ट शब्दांत असावं: सरकारने रक्कम जमा केल्यापासून पुढच्याच खेपेच्या माहितीत बँकेने ते खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवावं, ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन-ऑफ’ असा शेरा ठेवू नये, आणि बेबाकी प्रमाणपत्रासोबत कर्जदाराच्या हाती तशी लेखी पोच द्यावी.